चेंजिंग रूमच्या दारावरच्या नोटिशीबद्दल खुले पत्र

प्रति,
व्यवस्थापन समिती आणि सकाळच्या महिला बॅचमधल्या सगळ्याजणी,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलच्या महिला चेंजिंग रूमच्या दारावर एक नोटीस लागली. ‘महिलांनी सभ्यतेचे भान ठेवावे. उघड्यावर कपडे बदलू नयेत.’ खाली समितीचा शिक्का. नोटिशीत नाव कुणाचंच नाही, पण ती कुणामुळे लागली हे बॅचमधल्या प्रत्येकीला माहीत आहे. ती माझ्यामुळे लागली. म्हणून उत्तरही मीच द्यायला हवं, आणि बंद पाकिटातून देण्यापेक्षा सगळ्यांसमोर दिलेलं बरं.

‘उघड्यावर’ हा शब्द कुणी निवडला मला माहीत नाही. त्या खोलीला दार आहे, दाराला आतून कडी आहे, खिडकीला दुधी काच आहे. सव्वासहाच्या बॅचला अठरा वर्षांखालच्या कुणाला प्रवेश नाही. खोली कपडे बदलण्यासाठीच बांधलेली आहे. तिथे मी पोहून आले, ओला कॉस्च्यूम उतरवला, मधल्या बाकावर बसून अंग पुसलं आणि कपडे घातले. तेवढ्या पाच-सात मिनिटांत माझ्या छातीची डावी बाजू कुणाला तरी दिसली. तिथे स्तन नाही. बरगड्यांवरून काखेपर्यंत गेलेला व्रण आहे.

ज्यांनी तक्रार केली त्या कोण, हे मला जाणून घ्यायचं नाही. पण त्यांना सांगावंसं वाटतं: ताई, तुम्हाला धक्का बसला असेल हे मी मनापासून समजू शकते. मलाही बसला होता. २०१६ मध्ये परळला टाटामध्ये ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर पट्टी सुटली त्या दिवशी मी न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला. तो टॉवेल पुढे दीड वर्ष तिथेच होता. केस विंचरायला मी बाहेरच्या खोलीत यायची.

समितीतल्या एका सदस्यांनी मला सुचवलं की, ‘तुमचा हात वर जात नाही, आतली केबिन अरुंद आहे, असं लिहून द्या. आम्ही तुमच्यापुरती सवलत देऊ.’ त्यांचा हेतू चांगला होता. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही हेही खरं आहे. हात सुजू नये म्हणून डॉक्टरांनीच पोहायला सांगितलं, आणि त्या केबिनमध्ये ओला कॉस्च्यूम एका हाताने सोलताना दोनदा माझा तोल गेला आहे. तरीही ते कारण मी पुढे करणार नाही. हात नीट वर गेला असता तरी मी बाकावरच बसले असते. त्यामागचं कारण तुम्हाला सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी वाढले ते घर नौपाड्यातलं. आमच्या घरात बायका परकर छातीशी बांधून अंघोळ करत. कडी लावलेल्या न्हाणीघरात, एकट्या असतानाही. मी लग्नानंतरही तसंच करत राहिले, पन्नाशीला पोचेपर्यंत. स्वतःचं शरीर मी हाताने धुतलं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. गाठ सापडल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कधीपासून आहे?’ मला उत्तर देता आलं नाही. खरोखरच माहीत नव्हतं. त्या दिवशी ओपीडीच्या बाहेर बाकावर बसून मी जितकी रडले, तितकी ऑपरेशननंतरही रडले नाही.

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त प्रमाण स्तनाच्या कॅन्सरचं आहे. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं एक अभ्यास चालवला. दीड लाखाच्या आसपास बायका त्यात होत्या. निम्म्या भागांतल्या बायकांची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका ठरावीक वर्षांनी नुसत्या हाताने आणि डोळ्यांनी तपासणी करत. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. एका बाईने दुसऱ्या बाईचं शरीर शांतपणे, नीट पाहिलं, याने एवढा फरक पडतो. आणि आपण दारावर पाटी लावतो की पाहू नका, दाखवू नका.

असं शांतपणे पाहणं आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. १९९३ मध्ये माझं बाळंतपण झालं तेव्हा सव्वा महिना मालिशवाली मावशी घरी येत होती. पाटावर बसवून डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळायची, कढत पाण्याने अंघोळ घालायची, मग बाजेखाली शेगडी ठेवून शेक, ओव्याची धुरी. अंगावर सूत नसायचं. पहिल्या दिवशी मी आकसून बसले तर ती म्हणाली, ‘लाजतेस काय बाई, या हातांनी कितीजणींची पोटं चोळली.’ तिने माझं सैल पोट धरलं, हलवलं, चोळलं, आणि त्याबद्दल चांगलंवाईट एक अक्षर बोलली नाही. माझ्या आठवणीत माझ्या शरीराकडे कुणी इतक्या साधेपणाने पाहिल्याची ती पहिली वेळ. दुसरी वेळ यायला पंचवीस वर्षं गेली, आणि ती आली म्युनिकमध्ये.

२०१८ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. शहराच्या मधोमध इंग्लिश गार्डन नावाची प्रचंड बाग आहे. तिच्यात शॉनफेल्डविझे नावाचं एक कुरण आहे, आणि उन्हाळ्यात तिथे लोक उन्हात नग्न पहुडलेले असतात. जर्मनीत याला ‘फ्रायक्योर्परकुल्टुअर’ म्हणतात, मुक्त देहाची संस्कृती. शंभरहून जास्त वर्षांची रीत आहे ती. मुलीने आधीच सांगितलं होतं की नको असेल तर दुसऱ्या वाटेने जा. आम्ही दोघंच होतो आणि त्या वाटेने गेलो. लगेच मान खाली घातली. मग हळूहळू वर केली.

काय दिसलं ते सांगते, कारण इथे जो तो वेगळीच कल्पना करतो. सत्तरीच्या आजी वर्तमानपत्र वाचत होत्या, पोटाच्या तीन वळ्या मांडीवर टेकलेल्या. एका माणसाच्या छातीवर बायपासची उभी शिवण. एकाच्या पोटाला स्टोमाची पिशवी (आतड्याच्या ऑपरेशननंतर बाहेरून लावतात ती), आणि तो सफरचंद कापत होता. पायावर निळ्या शिरांचं जाळं असलेल्या बायका, सिझेरियनचे आडवे व्रण, हाडकुळे खांदे, मोठे नितंब. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. म्हणजे बघत होते, पण चेहऱ्याकडे. आम्ही तासभर बाजूच्या झाडाखाली बसलो. मग यांनी शर्ट काढला.

यांच्या परवानगीने लिहिते आहे. यांना पाठीवर आणि पोटावर कोड आहे. कोड संसर्गाने पसरत नाही, स्पर्शाने होत नाही, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही या माणसाने तीस वर्षं ठाण्याच्या मे महिन्यात घरातसुद्धा बनियन उतरवलं नव्हतं. कॉलेजात कुणीतरी यांना पाण्याच्या माठाला हात लावू दिला नव्हता, तेव्हापासून. त्या दिवशी यांनी शर्ट काढला, बनियन काढलं, मग बाकीचेही कपडे काढले आणि गवतावर टॉवेल अंथरून बसले. म्हणाले, ‘पाठीला वारा लागतोय.’ तेवढंच. मी चार दिवसांनी, तिसऱ्या खेपेला धीर केला. पहिली वीस मिनिटं मी दोन्ही हात छातीशी धरून बसले होते. मग शेजारच्या बाई उठल्या आणि मला दिसलं की त्यांचाही एकच स्तन आहे. त्यांनी मला नुसती मान हलवली, स्टेशनवर ओळखीचं माणूस भेटल्यावर आपण हलवतो तशी, आणि पाण्याकडे गेल्या. माझे हात आपोआप खाली आले.

परत आल्यावर मी आरशावरचा टॉवेल काढला.

तेव्हापासून आम्ही नॅचरिस्ट आहोत, म्हणजे कपड्यांशिवाय सहजपणे वावरणारे. मराठीत याला नेमकं काय म्हणावं मला सुचत नाही. घरात आम्ही ‘मोकळं बसणं’ म्हणतो. जर्मनीत गेलो की त्या कुरणावर आणि सौनात, म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेल्या लाकडी खोलीत, आणि इथे आपल्या घरात, पडदे ओढून. तिथल्या सौनात बहुतेक ठिकाणी बायका-पुरुष एकत्र आणि कपड्यांशिवायच बसतात. पण नियम किती कडक! आपापला टॉवेल खाली अंथरायचाच, घाम लाकडाला लागता कामा नये. कॅमेरा नाही. टक लावून बघायचं नाही. कुणाच्या शरीरावर बोलायचं नाही. कुणी लैंगिक चाळे केले तर सरळ बाहेरची वाट. या चळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५३ मध्ये फ्रान्समधल्या मोंतालिवे इथे स्थापन झाला, आणि १९७४ मध्ये आग्द इथे त्यांनी व्याख्या केली. एकत्र नग्न राहण्याचा हेतू तिच्यात स्पष्ट लिहिला आहे: स्वतःचा आदर, इतरांचा आदर आणि पर्यावरणाचा आदर. पहिल्या दोन गोष्टी मी जितक्या तिथे पाहिल्या, तितक्या आपल्या चेंजिंग रूममध्ये पाहिल्या नाहीत. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे.

हा माझ्या एकटीचा भ्रम तर नाही, म्हणून मी शोधाशोध केली. लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातल्या किऑन वेस्ट यांनी २०१७ मध्ये ८४९ ब्रिटिश लोकांची पाहणी छापली. जे नॅचरिस्ट उपक्रमांत जास्त भाग घेत, ते आपल्या शरीराबद्दल आणि एकूण आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. यावर कुणीही विचारेल की आधीपासून समाधानी असलेली माणसंच तिकडे जात असतील, कशावरून? योग्य प्रश्न आहे. त्यांनी पुढे ५१ जणांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना कपड्यांत आणि काहींना कपड्यांशिवाय एकमेकांत मिसळायला लावलं. कपड्यांशिवाय मिसळलेल्यांना आपलं शरीर अधिक आवडू लागलं, कारण इतर लोक आपल्याला तोलत असतील ही धास्ती कमी झाली. ५१ हा आकडा लहान आहे, त्यावरून जगाचा निकाल लावता येणार नाही. पण ती धास्ती म्हणजे काय हे मला आतून माहीत आहे, आणि तुम्हालाही आहे.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे’ असं जिन्यात कुणीतरी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांना ठाण्याचीच एक गोष्ट सांगते. नॅचरिस्टांच्या इतिहासात सर्वांत जुनी संघटना म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती जर्मनीत नव्हे, ठाण्यात सुरू झाली. १८९१ मध्ये. ठाण्याचे तेव्हाचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाचं मंडळ काढलं. सभासद अवघे तीन. ते माथेरानला आणि तुळशी तलावाकाठी भेटत. क्रॉफर्ड यांनी इंग्लंडमधले लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांमुळे हे आज आपल्याला कळतं. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मंडळ संपलं. तीन गोऱ्या साहेबांचा तो खासगी प्रयोग होता, त्याचा मला अभिमान वगैरे नाही. पण कोर्टनाक्यावरून जाताना मला त्यांची आठवण येते. दिवसभर झगा घालून न्यायासनावर बसणाऱ्या माणसालाही तो उतरवून तळ्याकाठी नुसतं माणूस म्हणून बसावंसं वाटलं.

आणि आपल्याकडच्या माणसांचं म्हणाल तर संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे होतेच. सासरचं जुनं घर पुनर्विकासाला गेलं तेव्हा सासऱ्यांच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’चे अंक निघाले. १९२७ ते १९५३, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, कर्व्यांनी ते मासिक पदरमोड करून चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे, आणि नग्नतेत मुळात अश्लील काही नाही हे ते आत ठणकावून लिहीत. खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. सासरे शाळेत संस्कृत शिकवायचे, संध्या करायचे, आणि ते अंक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून जपले होते. कुणाशी त्याबद्दल बोलले नाहीत. बोलले असते तर यांनी कदाचित तिशीतच बनियन उतरवलं असतं.

दिगंबर मुनींच्या पाया पडणारी कुटुंबं आपल्या सोसायटीत आहेत. शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर तर निम्म्या घरांत असेल, माझ्याही घरात आहे. ते वैराग्य मोठं आहे, माझी त्याच्याशी तुलना नाही. पण नग्न देह दिसला की अश्लीलता आलीच, असं आपल्या परंपरेने कधी सरसकट मानलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सांगितलं की चित्रातली व्यक्ती नग्न आहे एवढ्यावरून ते चित्र अश्लील ठरत नाही. मला वकिली करायची नाही. पुरुषांच्या चेंजिंग रूमच्या दारावर अशी नोटीस नाही, एवढं मात्र नोंदवते.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ती सांगते.

आपल्या बॅचला मागच्या पावसाळ्यापर्यंत एक मुलगी यायची. मुलगी म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, बाळंतपणानंतर सात महिन्यांनी पोहायला लागली होती. पोहायची छान. पहिल्या आठवड्यात ती कपडे बदलताना कुणीतरी म्हणालं, ‘पोट अजून गेलं नाही वाटतं?’ दुसरी म्हणाली, ‘डिंकाचे लाडू जरा कमी खायचे होते.’ सगळ्या हसल्या. मीही तिथेच होते, आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून तिने खोलीत कपडे बदलणं बंद केलं. ओल्या कॉस्च्यूमवर गाऊन चढवायची आणि तशीच लिफ्टने चौदाव्या मजल्यावर जायची, ऑगस्टच्या गारठ्यात, अंगावरून पाणी निथळत. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून तिला समज दिली गेली. मग ती यायचीच बंद झाली.

त्या बोलण्याबद्दल कुणी नोटीस लावली नाही.

‘किती सुटलीस गं’, ‘गुडघे किती काळे पडलेत’, ‘या वयात असा गळा?’, ‘हात झाकत जा, लोंबतायत’. हे मी त्या खोलीत स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, प्रेमाने म्हटलेलं, काळजीने म्हटलेलं. म्हणणारीही नंतर दातात टॉवेल धरून, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईने ब्लाऊजची हुकं लावत असते. आपण सगळ्याच तोलतो आणि सगळ्याच तोलल्या जातो. मी बाकावर बसते ती यासाठी. एक साठीला टेकलेलं, एका बाजूने कापलेलं, जांघेत सुरकुतलेलं शरीर तिथे निवांत बसलेलं त्या मुलीला दिसलं असतं, तर तिने गाऊन बाजूला ठेवला असता असं मला वाटतं. तेव्हा मी केबिनमध्ये होते. दारामागून मी तिचं पाऊल ऐकलं होतं.

मी पूलवर नग्न पोहण्याची परवानगी मागत नाही. कुणी माझ्यासारखं करावं असाही माझा आग्रह नाही. जिला आडोसा हवा तिला तो मिळालाच पाहिजे. दोन्ही केबिनची दारं नीट लागत नाहीत, एकीची कडी तुटलेली आहे, ती आधी दुरुस्त करा. कुणी बुरख्यातून येते, कुणी आपल्या सवयीने, कुणी माझ्यासारखी. तिघींनाही त्या खोलीत सारखंच हायसं वाटायला हवं.

समितीकडे माझी मागणी अशी की ही नोटीस काढावी आणि तिच्या जागी दुसरी लावावी. मोबाइल आत आणू नये, दाराबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा. हा नियम आज नाही आणि तो आजच हवा, कारण परवाच एकजण आत व्हिडिओ कॉलवर बोलत होती. दुसऱ्याच्या शरीरावर शेरा मारू नये, चांगलाही नाही. कपडे केबिनमध्ये बदलावेत की बाकावर, हे जिचं तिने ठरवावं. मजकूर मी मराठीत आणि हिंदीत लिहून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला आहे. लॅमिनेशनचे पैसे मी देईन. केबिनच्या कडीचेही देईन.

चौदाव्या मजल्यावर मी काल जाऊन आले. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं, आत बसवलं, चहा दिला. मी त्या मुलीची माफी मागितली, त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल. ती काही बोलली नाही, बाळाला मांडीवर घेऊन ऐकत राहिली. निघताना तिने विचारलं, ‘काकू, सोमवारी पूल बंदच असतो ना अजून?’

हो म्हटलं. सोमवारी सफाई असते. मंगळवारी सव्वासहाला मी असेन.

आपली,
बी विंगमधली एक सभासद